बाबांचा बारावा

माझी आई, अमां, मराठी शिकली दूधवाल्या जानकीकडून आणि मी शिकले लेलेबाईंकडून, त्यामुळे आमच्या घरात दोन तऱ्हेची मराठी बोलली जाई. अमांची विठ्ठलवाडीच्या बांधावरची, माझी पुस्तकातली, प्रत्येक शब्दाला इस्त्री केलेली. एकमेकींच्या मराठीला आम्ही मनमुराद हसायचो आणि भांडायची वेळ आली की दोघीही सिंधीवर यायचो. आता माझ्या नातीला सिंधीतलं भांडणसुद्धा कळत नाही. ती म्हणते, आजी, तू चिडून काही बोललीस की गाणं म्हटल्यासारखं वाटतं. तिला काय सांगायचं? कोपरच्या या तिसऱ्या मजल्यावर बसून मी आता स्वप्नंसुद्धा मराठीत बघते आणि स्वप्नात अमां माझ्याशी जानकीच्या मराठीत बोलते.

कल्याणच्या पुढे, रुळांपलीकडे, लढाईच्या काळात पलटणीसाठी बांधलेल्या बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून जहाजाने आलेल्या आम्हा लोकांना तिथे आणून सोडलं, त्यालाच सगळे कॅम्प म्हणत. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, आणि दोन कुटुंबांच्या मध्ये भिंत म्हणजे गोणपाट. पलीकडे कोणी कूस बदलली तरी इकडे कळे. सकाळी जाग यायची ती कोणाच्या तरी खोकल्याने, मग कोणीतरी गुरुवाणी म्हणायला लागे, मग नळावरची बादल्यांची आदळआपट, आणि या सगळ्यावर चाचाच्या साबणाच्या कढईचा रटरट आवाज. चाचा म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, आमच्या शेजारच्या गोणपाटाआड एकटाच राहायचा. तो घरी साबण शिजवून त्याच्या वड्या पाडायचा आणि पाठीवर पोतं टाकून डोंबिवलीच्या आळ्यांतून विकायचा. त्या साबणाचा उग्र वास आमच्या कपड्यांना, केसांना, अगदी कोकीलासुद्धा असे. कोकी म्हणजे कांदा घातलेली जाड, खरपूस पोळी. अमां ती सकाळीच भाजून ठेवी आणि मी ती डब्यातून शाळेत नेई. मैत्रिणी तिला थालीपीठ म्हणत आणि मी त्यांना म्हणू देई.

बाबांची गोष्ट थोडक्यातच सांगण्यासारखी आहे, कारण आम्हाला तेवढीच माहीत होती. ते आम्हाला कराची बंदरावर जहाजात बसवायला आले होते. गावी त्यांची म्हातारी आत्या होती, तिला ऐकू येत नसे, आणि घर सोडून कुठेही यायला ती तयार नव्हती. तिची समजूत घालून तिला घेऊन पुढच्या जहाजाने येतो, असं म्हणून बाबा धक्क्यावरच थांबले. पुढची जहाजं आली. चाचा प्रत्येक खेपेला मुंबईच्या धक्क्यावर जाऊन उभा राही आणि एकटा परत येई. कोणी सांगे, त्यांना सिंधमधल्या हैदराबादच्या स्टेशनात पाहिलं. कोणी सांगे, त्या गाडीतलं कोणी वाचलंच नाही. मग जहाजं यायची थांबली आणि लोकही सांगायचे थांबले. कॅम्पातल्या बायका अमांशी बोलताना आवाज जरा खाली घ्यायला लागल्या. अमां मात्र त्यांच्याशी नेहमीच्याच आवाजात बोले, आणि बोलण्यात बाबांचा विषय आला की 'ते आले की' असंच म्हणे.

कॅम्पातल्या शाळेत आधीच मुलं मावत नव्हती, म्हणून चाचाने मला कल्याणात मराठी शाळेत घातलं. त्याचा हिशेब साधा होता. साबण घेणाऱ्या बायका मराठी बोलतात, घरात एकाला तरी ती यायला हवी. पहिलं वर्ष मी नुसती बसून काढलं. मग लेलेबाईंच्या वर्गात गेले आणि काय झालं कोण जाणे, ती भाषा माझ्या तोंडात येऊन बसली. लेलेबाई अशा होत्या की त्यांच्यासमोर चुकायला भीती वाटत नसे. अंगाने शेलाट्या, फिकट काठांचं लुगडं, कपाळ मोकळं. त्या लहानपणीच विधवा झाल्या होत्या हे मला खूप उशिरा कळलं. मला वाटे, शिक्षिका झालं की कुंकू लावत नसतील. चौथीत मी वर्गात पहिली आले, मराठीतसुद्धा, आणि कल्याणातल्या काही घरांत त्यावरून मुलींना बोलणी बसली. ती कॅम्पातली पोर पुढे जाते आणि तुम्हाला काय धाड भरली, अशी. त्या मुली नंतर काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, खरं सांगायचं तर.

त्याच वर्षी संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू होतं आणि मुलींच्या आयांना बोलावणं होतं. अमां पहिल्यांदाच माझ्या शाळेत येणार होती. तिने पांढरी सुथण-कमीज, म्हणजे आमची सलवार-कमीज, धुऊन उशाखाली घडी करून ठेवली आणि वरून पांढरी ओढणी घेतली. आमच्याकडे लग्न झालेल्या बायकाही बाहेर पडताना पांढरं पांघरत आणि कपाळाला काही लावायची रीत आमच्या घरी नव्हती. मंगळसूत्र तर आम्ही इथे आल्यावरच पाहिलं. हातातल्या बांगड्या पहिल्याच वर्षी धान्यात गेल्या होत्या. शाळेत शिरताच एका बाईंनी अमांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिला हाताला धरून कोपऱ्यात लेलेबाईंच्या बाकावर नेऊन बसवलं. अमांचा चेहरा उजळला. मुलीच्या बाईंच्या शेजारी बसायचा मान मिळाला असं तिला वाटलं, आणि मलाही तसंच वाटलं. मग तबक फिरू लागलं. इतर बायका काय करतात ते अमांनी नीट पाहून ठेवलं होतं. तबक जवळ आलं तशी तिने ओढणी मागे सारली आणि कपाळ पुढे केलं. तबकवाली बाई अडखळली आणि इकडेतिकडे पाहत अमांच्या हातावर तिळगूळ ठेवून वळसा घालून पुढे गेली. अमांचं कपाळ तसंच पुढे राहिलं होतं. लेलेबाई जमिनीकडे बघत होत्या.

घरी येताना अमां वाटेत एवढंच म्हणाली, आपण कॅम्पातले म्हणून ना? मी हो म्हटलं. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. उलगडा केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी जानकीने. जानकी विठ्ठलवाडीची आगरीण. तिच्या सासऱ्याच्या भाताच्या जमिनीवर आधी पलटण आली आणि मग आम्ही आलो, त्यामुळे तिचा राग दोघांवरही होता. पण दूध मात्र ती बिनपाण्याचं घाली, निदान तिचं म्हणणं तसं होतं. अमांनी हातवारे करून आदल्या दिवशीचा प्रकार सांगितला तेव्हा जानकीने दुधाचं माप खाली ठेवलं.

"तुजा दाल्ला जित्ता हाय ना गो?" ती म्हणाली. "मंग कपाल कोरा कनाला ठेवतंस?"

दाल्ला म्हणजे नवरा, हे अमांना ठाऊक होतं. बाकीचं तिला हळूहळू उमगत गेलं आणि उमगलं तेव्हा ती पाट सोडून जमिनीवरच बसली. त्या बायकांनी तिला हाकललं नव्हतं. त्यांनी बाबांना मारलं होतं. दुसऱ्या दिवशी जानकी घरून मेण आणि कुंकवाची पुडी घेऊन आली, अमांच्या कपाळावर बोटाने मेण फिरवलं आणि वर बंद्या रुपयाएवढं कुंकू टेकवलं. बाजारातून हिरव्या काचेच्या बांगड्याही तिनेच आणून दिल्या. त्या दिवसापासून अमां कुंकवावाचून बराकीच्या दारातसुद्धा उभी राहिली नाही. कॅम्पातल्या बायका चिडवायच्या, मराठीण झालीस की गं. ती हसायची. रोज सकाळी पत्र्याच्या डब्याच्या झाकणात बघून ती कुंकू लावायची आणि मला वाटतं तो तिचा जगाशी चाललेला वाद होता. तोंडाने वाद घालणारी बाई नव्हती ती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी लेलेबाई आमच्या बराकीत आल्या. गोणपाट बाजूला सारून आत येताना त्यांनी नाकाला पदर लावला नाही, हे अमांनी लगेच टिपलं. आमच्या रीतीप्रमाणे अमांनी आधी पापड भाजला आणि पाण्याच्या पेल्याबरोबर पुढे ठेवला. उन्हातून आलेल्या माणसाला पापड आणि पाणी. बाई त्या पापडाकडे जरा वेळ पाहत राहिल्या, जेवण कुठून येतंय याची वाट बघत असाव्यात, आणि मग त्यांनी तो मोडून खाल्ला, पाणीही प्याल्या. कल्याणातल्या त्यांच्या आळीत हे कळलं असतं तर बरंच काही झालं असतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. अमांना त्यांची मराठी कळत नसे, जानकीची कळे. म्हणून मध्ये मी.

बाई म्हणाल्या, हिने हायस्कुलात जायला हवं. मी ते सांगितलं आणि अमां खूश झाली. बाई म्हणाल्या, तिथली फी तुम्हाला झेपणार नाही, आणि नादारीच्या जागा भरल्या. मी तेही सांगितलं. निर्वासितांच्या मुलांना जी सवलत होती ती कॅम्पातल्या शाळेत गेलं तरच, असं आम्हाला ऑफिसात सांगितलं होतं. मग बाई म्हणाल्या, एक जागा आहे. एका गृहस्थांनी देणगी देऊन ठेवली आहे, वडील नसलेल्या मुलीसाठी. तिच्यात मॅट्रिकपर्यंतचं सगळं होईल. वडिलांचा पत्ता नाही म्हटलं तर चालणार नाही, कारण देणगीच्या समितीचे चिटणीस म्हणतात, पत्ता नसलेला माणूस उद्या येऊही शकतो. एवढं बोलून त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, आईला सांग.

मी दहा-अकरा वर्षांची होते. मराठीत मला यासाठी कितीतरी शब्द येत होते. वारले, गेले, देवाघरी गेले, निधन पावले. हे सगळे मी शाळेत शिकले होते. सिंधीत मात्र मी लहान मुलाएवढीच होते. सिंधीत असं काही मी कधी कोणापुढे बोललेच नव्हते. माझ्याकडे एकच शब्द होता, कोंबडीला आणि कुत्र्याला वापरायचा, आणि मी तोच वापरला. मी म्हटलं, अमां, बाई म्हणतात, बाबा मेले असं तू सांग.

अमांनी चुलीवर आणखी एक पापड टाकला, तो जळू लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. लेलेबाईंनी काय झालं ते ओळखलं असावं. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "त्यांना सांग, मी लहानपणीच कुंकू पुसलंय. मी काय मागतेय ते मला कळतं." मी ते सांगितलं. अमांनी तेव्हा पहिल्यांदाच बाईंच्या कपाळाकडे नीट पाहिलं. मग तिने मला एकच विचारायला सांगितलं, शिकून ही काय होईल. बाई म्हणाल्या, कोणावर अवलंबून राहणार नाही. अमांनी मान हलवली आणि जळका पापड माझ्या हातात दिला. मला वाटलं ती विचार करते आहे. पण तिचं ठरलं होतं.

खरं अडलं ते पुढे. देणगीच्या समितीला कॅम्पातल्या कोणा जबाबदार माणसाने येऊन सांगायला हवं होतं. आमचा जबाबदार माणूस म्हणजे मुखी, आमच्या पंचायतीचा प्रमुख, सरळ आणि खवट म्हातारा. तो म्हणाला, ज्याचा बारावा झाला नाही, ज्याची पगडी वारसाच्या डोक्यावर चढली नाही, तो माणूस आमच्यात मेलेला नाही. परक्या लोकांसमोर जाऊन मी खोटं बोलणार नाही. बारावा करा, मग तो मेला, मग मी येतो. अमांना मुलगा नव्हता, मी एकटीच. म्हणजे पगडी चाचाच्या डोक्यावर बांधायला हवी. संध्याकाळी तो साबणाचं पोतं टेकवून घाम पुसत होता तेव्हा अमांनी त्याला सांगितलं. मी गोणपाटाशी बसले होते.

चाचा गरीब स्वभावाचा होता, अमांपुढे कधी मान वर करून बोलत नसे. त्या दिवशी मात्र तो बोलला. "भावाची पगडी माझ्या डोक्यावर? भाभी, उद्या तो जहाजातून उतरला तर मी त्याला हे तोंड कसं दाखवू?"

अमां शांतपणे म्हणाली, "ते इथे असते तर त्यांनीच सांगितलं असतं, मला मेलेला म्हण आणि पोरीला शिकव."

चाचा लहान मुलासारखा रडला. पलीकडच्या, त्याच्याही पलीकडच्या गोणपाटांमागे सगळं चिडीचूप झालं होतं. बराकीत एरवी इतकी शांतता कधी नसे. मला तेव्हा कुठे कळलं की हे माझ्यासाठी चाललं आहे, आणि मला जाऊन सांगावंसं वाटलं की नको मला हायस्कूल. मी सांगितलंही. अमां म्हणाली, तू गप्प बस, हे मोठ्यांचं काम आहे.

तर बाबांचा बारावा झाला. बायका डोक्यावरून ओढण्या घेऊन आल्या आणि जमिनीवर दाटीवाटीने बसल्या. त्यांच्यातल्या पुष्कळजणींची माणसं तिकडे राहिली होती, त्यांच्याकडे कोणाचाच बारावा झाला नव्हता, म्हणून त्या ज्याच्यासाठी रडायचं राहिलं होतं त्याच्यासाठी रडून घेत होत्या. रडली नाही ती फक्त अमां. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, ती रडली नाही. बाई दगड आहे, असं कोणीतरी माझ्या मागे म्हटलं. भटजींनी विधीसाठी विचारलं, कुठे वारले. सगळे अमांकडे पाहू लागले, कारण कोणालाच ते माहीत नव्हतं.

"कराची बंदरावर," अमां म्हणाली.

भटजींनी विचारलं, केव्हा. अमां म्हणाली, "जहाज सुटलं तेव्हा."

मी त्या जहाजात होते. धक्क्यावर हात हलवणारे बाबा मला दिसत होते आणि ते लहान लहान होत गेले हे मला आठवत होतं. भटजींनी मान डोलावली आणि पुढे मंत्र चालू केले. मुखीने चाचाच्या डोक्यावर पगडी बांधली. चाचा डोळे मिटून बसला होता. त्या दिवसापर्यंत तो काळी टोपी घाले, त्यानंतर त्याने डोक्यावर काही म्हणून घातलं नाही, टळटळीत उन्हातही नाही. मी कितीदा विचारलं तरी म्हणे, उकडतं.

समितीपुढे आम्ही गेलो तो प्रकार तर दोन मिनिटांत संपला. अमांनी तीच पांढरी सुथण-कमीज आणि तीच पांढरी ओढणी घातली होती, हळदीकुंकवाची. चिटणीसांनी आणि बाकीच्यांनी तिच्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि कोणी काही विचारलंच नाही. एकजण हळहळून म्हणाले, बसा बसा माई. मुखीला तोंड उघडायचीही वेळ आली नाही. मला जागा मिळाली. बाहेर आल्यावर मुखी अमांना म्हणाला, पोरी, मला हे असं आधी कळलं असतं तर. गेली साठ-सत्तर वर्षं मी कधीकधी उगाच बसल्याबसल्या हे वाक्य मनात पुरं करते. पुरं केलं तरी काही बदलत नाही.

जानकी मधले काही दिवस माहेरी गेली होती. ती परत आली, दारात दुधाची चरवी टेकवली आणि तिने अमांचं कपाळ पाहिलं. तिकडून बातमी आली असंच तिला वाटलं. "कवा कलला गो तुना?" असं म्हणून तिने अमांना मिठी मारली आणि मोठ्याने गळा काढला. जमिनीवरून भांडणारी, दुधाच्या मापावरून हुज्जत घालणारी ती बाई आमच्या दारात बसून बाबांसाठी रडत होती, ज्यांना तिने कधी पाहिलंही नव्हतं. अमां तिला खरं सांगू शकत नव्हती. समितीतल्या एकांच्या घरी जानकीचंच दूध जायचं. अमां तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि फिरवता फिरवता तिला स्वतःलाच रडू फुटलं. बाराव्याला न आलेलं ते सगळं तेव्हा आलं. मी दूध आत नेऊन ठेवलं, कारण तेवढंच मला करता येण्यासारखं होतं.

मी हायस्कुलात गेले आणि रमले हे मी लपवत नाही. तिथल्या मुलींना माझ्याबद्दल दया होती आणि दयेला काही खालचं समजायची अक्कल मला नव्हती. त्यांच्या घरी मला बोलावणं असे. पानात डावं-उजवं कसं वाढायचं, पाहुण्यांसमोर कसं बोलायचं, कुठे हसायचं नाही, हे मी तिथे शिकले. वक्तृत्वात बक्षीस मिळालं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, मूळच्या पुण्याच्या का? मी घरी येऊन ते हौसेने सांगितलं आणि चाचा खूप हसला. बाबा वारले, हे मी आता न अडखळता सांगत असे. इतक्यांदा सांगितलं की ते मला खरं वाटू लागलं. मग ते खरंच आहे हे मला पटलं. अमांशी यावर मी कधी बोलले नाही, आणि तिलाही एव्हाना पटलं असेल असं मी धरून चालले. वेडीच होते मी. तिच्याच हातचं जेवत होते आणि मला कळत नव्हतं.

कारण दर वर्षी पितृपंधरवड्यात बाबांचं श्राद्ध होई. लोकांसाठी ते करणं भाग होतं. त्या दिवशी अमां लाल भोपळ्याची भाजी करी, मुळा करी, दुधी करी. भोपळा तर आमच्या घरी वर्षभर शिजत नसे. ब्राह्मण जेवून जाई, मग आम्ही जेवत असू, आणि चाचा पानातला भोपळा कडेला सारून ठेवी. एका वर्षी मी कुरकुरले. म्हटलं, अगं, लोक श्राद्धाला माणसाच्या आवडीचं करतात, माझ्या मैत्रिणींकडे तर खीर असते. बाबांना काय आवडायचं ते कर ना. अमां भाजी ढवळत होती. ती म्हणाली, त्यांना कमळाचे देठ आवडतात, कढी आवडते. मी म्हटलं, मग ते का नाही करत? ती म्हणाली, हे ज्याच्या नावाने वाढतात त्याला पोचतं म्हणतात ना? मग त्यांच्या आवडीचं कशाला पोचवायचं, उगाच त्यांना वाटेल आपल्याला आता हेच जेवण. भोपळा ते तोंडातही घालणार नाहीत. मी तेव्हा हसले. मला ती भोळी वाटली. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलीला आई भोळी वाटायला फार काही लागत नाही.

मॅट्रिकचा निकाल लागला. आमच्या बराकीतून मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. चाचाने त्या दिवशी साबण विकला नाही, कढईसुद्धा चढवली नाही. मुखी काठी टेकत आला आणि मला डोक्यावर हात ठेवून गेला. दुपारी लेलेबाई आल्या, आता त्या थकल्या होत्या. पापड त्यांनी स्वतःहून मागून घेतला. त्यांनी सांगितलं की समितीचा निरोप आहे, मार्क पाहून तीच मदत कॉलेजलाही चालू राहील, सगळं तसंच. मी आनंदाने त्यांच्या पाया पडले. अमां चुलीशी होती, आणि तिला हे सिंधीत सांगायचं माझ्या आनंदात राहून गेलं. बाई निघाल्या तेव्हा मी त्यांना विठ्ठलवाडीच्या रस्त्यापर्यंत पोचवून आले.

परत आले तर अमां न्हाऊन केस विंचरत बसली होती. भर दुपारी न्हायलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. ती गुणगुणत होती. मला म्हणाली, ये, बस. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "झाली ना शाळा? आता चाचाला घेऊन जा आणि मुखींना सांगून ये. समितीच्या लोकांनाही सांग. म्हणावं, बाबा आहेत."

मला आधी कळेचना. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग कळलं. तिने त्यांना शाळेपुरतं मारलं होतं. इतकी वर्षं ती माझी शाळा संपायची वाट बघत होती आणि मी मात्र त्या वर्षांत कधीतरी, कुठल्या तरी वर्गात, बाबांना खरोखरचं पुरून मोकळी झाले होते. तिचा चेहरा असा हसरा मी बराकीत कधी पाहिला नव्हता. अमां, ते गेले गं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. आता मला सिंधीत त्यासाठी चांगला शब्दही येत होता. तो मला उच्चारता आला नाही.

मी म्हटलं, "अमां, कॉलेज चार वर्षांचं असतं."

"चार?"

"हो. आणि मदत तीच आहे. त्याच जागेची."

तिचा हात माझ्या हातातून सुटला नाही. ती गोणपाटाकडे बघत राहिली. पलीकडे चाचा कोणालातरी माझे मार्क सांगत होता. थोड्या वेळाने तिने माझा हात थोपटला आणि मांडीवरची फणी उचलली.

"बरं," ती म्हणाली. "तू शीक. त्यांची समजूत मी घालते."